बालकांतील जंतविकार : गोळीचे काम आणि गावाचे काम

(व्याख्यानाचा मजकूर)

शिक्षक बंधुभगिनी, ग्रामपंचायतींचे सदस्य, अंगणवाडी सेविका आणि विविध खात्यांतील अधिकारी यांच्या हातांतून शासनाची औषधयोजना लहान मुलांपर्यंत पोहोचते. म्हणून जंतविकाराचा विषय प्रथम त्यांच्यापुढे मांडणे उचित ठरते. हा विकार प्राणघातक साथीसारखा एका रात्रीत गाव हादरवून सोडत नाही. तो मुलाच्या पोटात मुकाट्याने बसतो, त्याच्या वाट्याचे अन्न खातो, त्याचे रक्त शोषतो आणि त्याला वर्गात पेंगुळलेले ठेवतो. मूल मरत नाही, त्यामुळे बातमी होत नाही. आणि बातमी होत नाही, त्यामुळे गावाचे लक्ष जात नाही. नेमकी हीच या विकाराची खरी ताकद आहे.

ज्या संत तुकाराम नगरात हा विषय मांडला जात आहे, ते आरोग्यसेवेच्या दृष्टीने भाग्यवान आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय येथेच आहे. वैद्यकीय महाविद्यालयही हाकेच्या अंतरावर आहे. पिंपरीच्या भूमीला औषधांची ओळख तर त्याही आधीपासूनची. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना पिंपरीत उभा राहिला आणि पेनिसिलिनच्या उत्पादनाशी या गावाचे नाव कायमचे जोडले गेले. परंतु येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. मराठीत ‘जंतू’ आणि ‘जंत’ या दोन शब्दांत एका उकाराचा फरक आहे. औषधाच्या दृष्टीने मात्र तो जमीन-अस्मानाचा आहे. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर चालतात. पोटातील जंत हा आतडे, त्वचा व स्नायू असलेला पूर्ण वाढीचा प्राणी आहे. त्याच्यावर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. त्याचे औषध वेगळे आणि ते देण्याची रीतही वेगळी.

तीन पाहुणे आणि त्यांच्या वाटा

मातीतून पसरणारे कृमी प्रामुख्याने तीन प्रकारचे आहेत. जगातील सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात यांपैकी एखादा तरी कृमी असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पहिला गोल जंत. हा गांडुळासारखा दिसतो आणि वीतभर किंवा त्याहूनही लांब वाढतो. याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ही अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. पण पडल्याबरोबर ती बाधक नसतात. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते तीन आठवडे पिकल्यानंतरच त्यांच्या अंगी दुसऱ्याला बाधा करण्याची शक्ती येते. मग मातीत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून, न धुतलेल्या भाजीतून किंवा दूषित पाण्यातून ती तोंडात जातात. अंड्यातून निघालेली अळी आतडे भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तेथून घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि अखेर आतड्यात स्थिरावते. एखाद्या मुलाला काही दिवस कोरडा खोकला येतो आणि त्याचे कारण सापडत नाही, त्यामागे कधीकधी अळीचा हा प्रवास असतो.

दुसरा अंकुशकृमी. हा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा असतो, पण तिघांत सर्वाधिक नुकसान हाच करतो. याला तोंडाची वाट लागत नाही. मातीतील अळी अनवाणी पायाची कातडी भेदून शरीरात शिरते. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो, तर दुसऱ्या जातीचा त्याच्या कित्येक पट. पहिल्या जातीचे शंभर कृमी एका मुलाच्या पोटात असले, तर दिवसाला ३ आणि महिन्याला ९० मिलिलिटर रक्त जाते. वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे दीड लिटर असते. ज्या मुलाच्या ताटात लोहयुक्त अन्न आधीच अपुरे आहे, त्याच्या शरीराला ही तूट कशी भरून काढता येईल?

तिसरा चाबकाच्या आकाराचा कृमी. हा मोठ्या आतड्यात डोके रुतवून राहतो. त्याची संख्या वाढली की मुलाला आव-रक्ताचे जुलाब होतात, आणि फार वाढली तर गुदद्वाराचा आतील भाग बाहेर येतो.

यांखेरीज सुताच्या तुकड्यासारखे बारीक पांढरे कृमी असतात. त्यांना मातीची गरज नसते. मादी रात्री गुदद्वाराजवळ अंडी घालते, मूल खाजवते आणि अंडी नखांतून पुन्हा तोंडात, अंथरुणात व भावंडांकडे जातात. म्हणूनच या कृमींवर एकट्या मुलाला औषध देऊन भागत नाही. घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्यावे लागते आणि दोन आठवड्यांनी त्याची पुनरावृत्ती करावी लागते.

समजुती आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातील घराघरांत जंतांविषयी काही समजुती रूढ आहेत. गोड खाल्ल्याने जंत होतात, ही त्यांतील सर्वांत जुनी. गूळ किंवा साखर यांपासून जंत उत्पन्न होत नाहीत. ते बाहेरून अंड्याच्या किंवा अळीच्या रूपानेच येतात. मूल झोपेत दात खाते म्हणजे त्याला जंत आहेत, हाही निष्कर्ष खात्रीचा नाही. चेहऱ्यावरचे फिकट पांढरट चट्टे बहुधा कोरड्या त्वचेमुळे उमटतात. या समजुतींचा तोटा असा की, दात खाणाऱ्या मुलाला पुन्हापुन्हा औषध दिले जाते आणि ज्याला कोणतेच लक्षण दिसत नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः थोडे जंत असलेल्या बहुसंख्य मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही. फिकटपणा, लवकर दमणे, भूक मंदावणे, वारंवार पोट दुखणे ही लक्षणे भार वाढल्यावरची आहेत.

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक पोटदुखी जंतांची नव्हे. पोट फुगले आहे, हिरवट उलट्या होत आहेत आणि शौच बंद झाले आहे, अशा मुलाला घरी जंताचे औषध देत बसू नये. गोल जंतांचा गुंता होऊन आतडे बंद पडले असण्याची शक्यता असते, आणि त्याला तत्काळ रुग्णालयच लागते.

किरमाणी ओव्यापासून एका गोळीपर्यंत

जंतांवर औषध शोधण्याचा माणसाचा प्रयत्न फार पुरातन आहे. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि विडंग, म्हणजे मराठी घरांतील वावडिंग, हे आयुर्वेदातील प्रमुख कृमिघ्न मानले गेले आहे. किरमाणी ओव्यापासून काढलेले सँटोनिन हे औषध एकेकाळी देशोदेशी वापरले जाई. ते घेतल्यावर काही रुग्णांना सारे जग पिवळे दिसू लागे. चेनोपोडियमच्या तेलात जंत मारणारी मात्रा आणि माणसाला विषबाधा करणारी मात्रा यांतील अंतर फारच थोडे होते. त्यामुळे त्या काळातील जंताचे औषध म्हणजे डॉक्टरांच्या नजरेखाली, जुलाबासह घ्यायचे अवघड प्रकरण असे. गावच्या शाळेत सर्व मुलांना एकाच दिवशी औषध द्यावे, अशी कल्पनाही तेव्हा करता आली नसती.

१९५० नंतर पायपेराझिन आले, १९७० च्या दशकात मेबेंडाझोल आले आणि १९८० च्या दशकात अल्बेंडाझोल माणसांसाठी वापरात आले. या शेवटच्या औषधाने चित्र बदलले. कृमीच्या पेशींत प्रथिनांच्या सूक्ष्म नलिका असतात. पेशीचा आकार आणि अन्नाची ने-आण त्यांच्यावर अवलंबून असते. अल्बेंडाझोल कृमीच्या या नलिका बनू देत नाही. परिणामी कृमीला साखर शोषून घेता येत नाही. तो उपासमारीने दुबळा होतो आणि काही दिवसांत शौचावाटे बाहेर पडतो. माणसाच्या नलिकांशी हे औषध फार क्षीणपणे जोडले जाते आणि आतड्यातून ते रक्तातही थोडेच शिरते. म्हणून एकच मात्रा, वजनाचा काटा न वापरता, शिक्षकाच्या हातून देता येते.

तथापि, या गोळीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. अनेक प्रयोगांचे जे एकत्रित विश्लेषण २००८ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार ४०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने गोल जंत सुमारे ८८ टक्के बाधितांत पूर्णपणे नष्ट झाले, अंकुशकृमी ७२ टक्क्यांत आणि चाबूककृमी केवळ २८ टक्क्यांत. ज्यांचे कृमी पूर्णपणे गेले नाहीत त्यांचाही भार पुष्कळदा हलका होतो, हा लाभ आहेच. परंतु ‘गोळी दिली, प्रश्न मिटला’ असे कोणत्याही नोंदवहीत लिहिता येणार नाही.

अमीबा आणि जिआर्डिया हे एकपेशीय परजीवीही मुलांच्या आतड्यात राहतात. त्यांच्यामुळे आव पडते किंवा दुर्गंधीयुक्त, तेलकट जुलाब आठवडेच्या आठवडे चालू राहतात. शाळेत दिली जाणारी एक गोळी त्यांचा बंदोबस्त करीत नाही. त्यासाठी शौचाची तपासणी करून मेट्रोनिडाझोल किंवा तत्सम औषध डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत, ठरविलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावे लागते. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडणे हितावह नाही.

१० फेब्रुवारीचा दिवस

भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. पहिल्या वर्षी अकरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मोहीम राबविण्यात आली; त्यांत महाराष्ट्र होता. पुढील वर्षी ती देशभर नेण्यात आली. १ ते १९ वर्षे वयाच्या सर्व मुलामुलींना शाळा व अंगणवाडीत अल्बेंडाझोल द्यावयाचे, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे दिवस धरावयाचे, आणि त्या दिवशी राहून गेलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी घ्यावयाची, अशी तिची आखणी. प्रत्येक मुलाची शौचतपासणी करून मग औषध देण्यापेक्षा सर्वांना औषध देणे स्वस्त व सुकर पडते. आणि ज्याच्या पोटात जंत नाहीत त्यालाही या एका मात्रेने अपाय होत नाही, हे या योजनेमागील तत्त्व आहे.

योजनेचा तपशील साधा आहे. मात्र त्यातील प्रत्येक बारकाव्याला कारण आहे. एक ते दोन वर्षांच्या बालकाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम द्यावी. दोन वर्षांपुढील मुलांना पूर्ण ४०० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावी. तीन वर्षांखालील बालकाला गोळी अखंड कधीही देऊ नये. दोन चमच्यांमध्ये तिची पूड करावी, पाण्यात कालवावी आणि मग पाजावी. रडणाऱ्या बालकाचे नाक दाबून किंवा त्याला आडवे धरून औषध घशात लोटणे धोक्याचे आहे, कारण गोळी श्वासनलिकेत अडकू शकते. औषधापेक्षा अशा घाईचाच धोका मोठा आहे. मोठ्या मुलांनी गोळी गिळू नये, चावून खावी.

गोळी शिक्षकांच्या किंवा सेविकांच्या समोरच खाल्ली गेली पाहिजे. घरी नेण्यासाठी मुलाच्या हातात दिलेली गोळी खिशात विरघळते, धाकट्या भावंडाच्या हाती लागते किंवा कोनाड्यात पडून राहते. त्या दिवशी आजारी असलेल्या, ताप असलेल्या किंवा दुसरे औषध चालू असलेल्या मुलाला गोळी देऊ नये. बरे झाल्यावर पुढील फेरीत द्यावी. ज्याला झटके येतात, अशा मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच देऊ नये. पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत असल्यास या औषधाने त्रास बळावण्याचा संभव असतो.

ज्या मुलांच्या पोटात जंत अधिक असतात, त्यांना गोळीनंतर मळमळ, सौम्य पोटदुखी, उलटी किंवा थकवा जाणवतो. असा त्रास बहुधा काही वेळातच शमतो. मुलाला सावलीत बसवून पाणी पाजावे आणि नजरेखाली ठेवावे. त्रास ओसरला नाही, तर आरोग्य केंद्राशी त्वरित संपर्क साधावा. ही गोष्ट पालकांना आधीच सांगितली गेली नाही, तर एका मुलाच्या उलटीवरून सारी शाळा घाबरते, अफवा पसरते आणि पुढच्या वर्षी निम्मे पालक मुलांना त्या दिवशी घरी ठेवतात. पालकसभेतील पंधरा मिनिटांचे निवेदन हे या मोहिमेतील सर्वांत स्वस्त औषध होय.

पटावर नसलेली मुले

वर वर्णिलेली व्यवस्था शाळेच्या पटावर उभी आहे. पटावरील मुलाला गोळी मिळते, तिची नोंद होते आणि टक्केवारी निघते. परंतु जंत पट पाहून पोटात शिरत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात बाहेरगावाहून आलेल्या कष्टकऱ्यांची मोठी वस्ती आहे. कुरुळी, निघोजे, महाळुंगे यांसारख्या गावांच्या शिवारांत कारखाने उभे राहिले. कारखान्यांमागून भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आल्या, आणि इमारतींची कामे चालली तेथे पत्र्यांच्या खोपट्या आल्या. बांधकामावर राबणाऱ्या जोडप्याचे तीन वर्षांचे मूल दिवसभर वाळू-मातीच्या ढिगाऱ्यावर अनवाणी खेळत असते. इमारत पूर्ण होताच कुटुंबाचा मुक्काम हलतो. या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत राहून गेलेले असते आणि येथील अंगणवाडीत ते अद्याप आलेले नसते. दोन्ही गावांच्या अहवालांत शंभर टक्के लिहिले जाऊ शकते, आणि दोन्ही अहवाल खरे असूनही हे मूल औषधावाचून राहते.

ऊसतोडणी कामगारांची मुले या विसंगतीचे दुसरे उदाहरण आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसपट्ट्यात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. १० फेब्रुवारी हा दिवस नेमका हंगामाच्या ऐन भरात येतो. मुलाचे नाव मूळ गावच्या शाळेत आणि मूल ऊसाच्या फडावर! विटभट्ट्यांवरील मुलांची स्थिती याहून निराळी नाही.

ज्या मुलाला शौचालय नाही, पायात चप्पल नाही, हात धुण्यास पाण्याचा नळ नाही, त्याच्याच पोटात जंतांचा भार सर्वाधिक असण्याचा संभव. आणि गोळीच्या दिवशी गैरहजरही तेच. या एका वाक्यात या मोहिमेपुढील खरा प्रश्न सामावलेला आहे. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ साली शाळकरी वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना औषध देण्याचे लक्ष्य सर्व राष्ट्रांपुढे ठेवले होते. उरलेले २५ टक्के कोण, हा प्रश्न आकड्याने विचारला जात नाही. तो शिक्षकाने, सेविकेने आणि ग्रामपंचायत सदस्यानेच विचारावयाचा आहे.

माती मोकळी असेल तर

प्रश्नाची दुसरी बाजू त्याहून अवघड आहे. गोळी पोटातील जंत काढते. मातीतील अंडी काढत नाही. औषधोपचारानंतर पुन्हा किती बाधा होते, याविषयी जगभरातील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसून आले की, उपचारानंतर सहा महिन्यांत गोल जंतांचे प्रमाण मूळ प्रमाणाच्या ६८ टक्क्यांपर्यंत आणि बारा महिन्यांत ९४ टक्क्यांपर्यंत परत पोहोचते. म्हणजे मातीची स्थिती जैसे थे राहिली, तर वर्षभरात मोहीम जेथून निघाली तेथेच येऊन उभी राहते.

एकट्या गोळीकडून किती अपेक्षा ठेवावी, याचाही धडा भारतातच मिळाला आहे. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांना सहभागी करून अल्बेंडाझोलचा फार मोठा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर सहा महिन्यांनी औषध दिलेल्या बालकांच्या वजनात वा मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून गोळी निरुपयोगी आहे असे ठरत नाही. जड बाधा असलेल्या मुलाला तिचा लाभ होतो, हे निर्विवाद आहे. परंतु गोळीने ताटात भाकरी येत नाही आणि रक्तात लोह येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. हे सारे जंतांमुळे घडलेले नाही. म्हणूनच जंतनाशक गोळी, लोहाची मात्रा आणि पोषण आहार यांची सांगड एकमेकांशी घातली गेली पाहिजे.

याउलट, औषध आणि स्वच्छता हातात हात घालून चालली तर काय घडते, याचे उदाहरण दक्षिण कोरियाने घालून दिले आहे. १९६३ साली तेथील जोंजू शहरात नऊ वर्षांची एक मुलगी आतडे बंद पडल्याने दगावली. तिच्या पोटातून एक हजारांहून अधिक जंत निघाले. त्या घटनेने देश हादरला. १९६६ साली कायदा झाला आणि १९६९ पासून शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा शौचतपासणी करून बाधितांना औषध देण्यात येऊ लागले. त्याच काळात शौचालये झाली आणि शेतांना मानवी विष्ठेचे खत घालण्याची प्रथा मागे पडली. १९७१ मध्ये तेथील ८४.३ टक्के लोकांच्या पोटात कोणता ना कोणता कृमी होता; १९९७ मध्ये हे प्रमाण २.४ टक्क्यांवर आले. सुमारे पंचवीस वर्षे एकही वर्ष न चुकविता केलेल्या कामाचे हे फळ होय.

महाराष्ट्रालाही अशा विजयाचा अनुभव आहे. नारूचा रोग आतड्यातील नव्हे, पण तोही कृमीचाच. पायऱ्यांच्या विहिरींतील पाणी पिणाऱ्या राज्यातील कित्येक गावांना त्याने वर्षानुवर्षे छळले. त्यावर रोग्याला बरे करणारे औषध नव्हते, आजही नाही. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसविणे, पाण्यातील सूक्ष्म वाहक जीव नष्ट करणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे, एवढ्याच साधनांवर तो चालला. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. ज्या रोगाला औषध नव्हते तो गेला, आणि ज्याला स्वस्त व निर्धोक औषध आहे तो मात्र ठाण मांडून बसला आहे. याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या मनाशी लावावा.

कोणी काय करावे

शिक्षकांनी गोळीच्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात पालकांना माहिती द्यावी. गैरहजर मुलांची यादी त्याच सायंकाळी आरोग्यसेविकेच्या हाती द्यावी. पटावरील मुलांना त्यांच्या घराशेजारच्या, शाळेत न येणाऱ्या भावंडांची व सवंगड्यांची नावे विचारावीत. मुलांना वस्तीची माहिती मोठ्यांपेक्षा अधिक असते. दुपारच्या भोजनापूर्वी साबणाने हात धुण्याचा आणि आठवड्यातून एकदा नखे पाहण्याचा क्रम वर्षभर ठेवावा.

अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तीने आपल्या हद्दीतील बांधकामे, विटभट्ट्या आणि भाड्याच्या चाळी यांची यादी मोहिमेपूर्वी करावी. तेथील मुलाचे नाव नोंदवहीत नसले तरी गोळी देता येते. ती मिळण्याची अट वय ही आहे, रहिवासाचा पुरावा ही नव्हे. ज्या कुटुंबाचा मुक्काम लवकरच हलणार आहे, त्याच्याजवळ दिनांकासह एक चिठ्ठी द्यावी, म्हणजे दुसऱ्या गावी गोळी दुबार दिली जाणार नाही किंवा चुकणारही नाही. ठेकेदार व जागामालक यांना आगाऊ कळवून कामाच्या ठिकाणीच फेरी घ्यावी.

ग्रामपंचायत सदस्यांचे काम गोळीपलीकडचे आहे. बांधलेले शौचालय वापरात आहे काय, त्यात पाणी पोहोचते काय, त्याचा खड्डा भरल्यावर मैला कोठे रिकामा होतो, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. लहान बालकाची विष्ठा निरुपद्रवी असते, ही समजूत घातक आहे. ती उकिरड्यावर न टाकता शौचालयातच टाकली पाहिजे. सांडपाण्यावर पिकविलेली भाजी बाजारात येत असेल, तर तिच्यावर लक्ष ठेवले पाहिजे. नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनने जंताची अंडी मरत नाहीत, म्हणून पाण्याची शुद्धता केवळ औषधी द्रवाच्या बाटलीवर सोपवून चालणार नाही. भाजी स्वच्छ पाण्यात चोळून धुणे, पाणी उकळणे आणि पायात चप्पल घालणे ही साधने प्रत्येक घराला परवडणारी नसली, तर ती परवडतील अशी व्यवस्था करणे हाच पंचायतीच्या खर्चाचा योग्य विनियोग ठरेल. कामगारांसाठी चाळी बांधणाऱ्या जागामालकाला परवानगी देतानाच पुरेशा शौचालयांची अट घालावी आणि ती पाळली जाते की नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

अधिकारीवर्गाने अहवालात एक रकाना वाढवावा : पटाबाहेरील किती मुले आढळली आणि त्यांपैकी कितींना गोळी मिळाली. जो आकडा मागितला जातो, त्याच्यासाठीच यंत्रणा धावते, हा शासनव्यवहाराचा नित्याचा अनुभव आहे. आज हा आकडा मागितला गेला, तर उद्या तो शोधला जाईल, आणि परवा त्या मुलाच्या हातावर गोळी पडेल.

पंढरीची वाट चालणाऱ्या या महाराष्ट्रात गाडगेमहाराजांनी हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. हा क्रम त्यांनी उगीच ठेवला नव्हता. जंतनाशक गोळीची किंमत नगण्य आहे आणि ती देण्यास एक मिनिट पुरते. तेवढ्यावर समाधान मानावयाचे, की त्या मुलाच्या पायाखालची मातीही निर्दोष करावयाची, याचा निर्णय वैद्यकशास्त्राने नव्हे, गावाने घ्यावयाचा आहे. येत्या फेरीच्या आदल्या दिवशी प्रत्येक गावाने आणि प्रत्येक प्रभागाने आपल्या शिवेवरील शेवटच्या खोपटीपर्यंत जाऊन मुले मोजावीत. कामाचा आरंभ तेथूनच होतो.